बेटाला दार एकच

सुमे, आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड मोकळं होईल.

तू मॉरिशसला परत निघालीस त्या सकाळी मी तुझी ओटी भरली. ती तांदळानं भरली असं तुला वाटलं. वर दोन मुठी तांदूळ होतेच, खोटं कशाला बोलू. पण खाली पावटा होता, चवळी होती, काळा घेवडा, नाचणी, दोडक्याच्या आणि दुधीच्या बिया होत्या. आत्तीनं, म्हणजे माझ्या सासूनं, राखेत घोळून गाडग्यात जपलेलं घरचं बी. साल त्र्याण्णव. वय म्हणशील तर मी तेव्हा काही कोवळी पोर नव्हते, पण अक्कल कोवळीच होती. मला वाटलं, विमानतळावरचा साहेब पेटी उघडेल, पिशवी उपसेल, पण सवाष्ण बाईच्या ओटीला हात लावायची त्याची काय बिशाद! आमच्या उचगावात कुणाची छाती झाली नसती. तो साहेब उचगावचा नसणार, एवढं मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आणि तू कोण? त्या बेटाच्या शेती खात्यातली बाई. बाहेरून येणारं बी-बियाणं दारातच अडवायचं, हे तुझ्या खात्याचं काम. तुझ्याच पदरात चोरटा माल बांधून मी तुला हळदीकुंकू लावलं आणि वर तोंड करून म्हटलं, “सांभाळून ने गं, सांडू नकोस.”

मुंबईत तू माझ्या धाकट्या भावाकडं उतरलीस. विमानाच्या दिवशी दुपारी त्याचा फोन.

“अक्का, तुझी पावणी ओटी शिजवायला बसलीया.”

“काय करायला?”

“शिजवायला! राख धुतली, काल भिजत घातलंतं, आता कुकर लावलाय. वास काय सुटलाय म्हणून सांगू!”

मी म्हटलं, दे तिला फोन. तू आलीस. मी ओरडले, “सुमे, बी खाल्लंस?”

तुझा तो शांत, शाळेच्या पुस्तकातून उठून आल्यासारखा आवाज अजून कानात आहे. “काकू, ओटीचं धान्य जिची ओटी तिनंच शिजवून खायचं असतं. माझ्या आजीनं मला तसं शिकवलं आहे. टाकलं असतं तर पाप, नेलं असतं तर गुन्हा. म्हणून खाल्लं. दोडक्याच्या आणि दुधीच्या बिया तेवढ्या वहिनींना दिल्या आहेत.”

बी खाणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. उपाशी मरतानासुद्धा माणूस त्या गाडग्याला हात लावत नाही. आणि तू त्याला फोडणी दिलीस! मी कित्येक महिने तुझ्यावर रुसून होते. तुला त्याचा पत्ताही नव्हता, ही आणखी चीड.

आता रुसायला कुणी उरलं नाही. गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीचा, अंजलीचा फोन आला. तिनं आधी एवढंच म्हटलं, “आजी, आई आता नाही.” छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या बाईबद्दल हे ऐकत होते आणि हातात भाकरीचं पीठ होतं. ते हातावरच वाळलं.

तू आमच्याकडं आलीस ती शेती कॉलेजात कारकून असलेल्या माझ्या भाच्यामुळं. परदेशची बाई, सहा महिने शिकायला येणार, जेवण मराठी पाहिजे, असं तो म्हणाला. मी झग्यातली मडमीण येणार म्हणून सुनेला काटे-चमचे आणायला पिटाळलं. तू उतरलीस साडीत. कपाळाला कुंकू. आणि म्हणालीस, “नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे?” असं आमच्या घरात तोवर डॉक्टरनंसुद्धा कुणाला विचारलं नव्हतं.

आत्तीनं मला बाजूला घेतलं. “ही कुठल्या गावची म्हणायची?”

“हिची माणसं चार पिढ्यांमागं कोकणातनं बोटीनं गेलेली. उसाच्या कामाला.”

“उसाला एवढ्या लांब? हितं काय उसाचा तोटा हुता व्हय?”

ऊस. तिथंच मी दुसरी माती खाल्ली. कोल्हापूरच्या माणसाकडं पाहुणा आला की त्याला दोनच गोष्टी सुचतात: त्याला पोटभर खायला घालायचं आणि त्याच्यापुढं उसाचं कौतुक करायचं. पहिल्याच रविवारी मी तुला गुऱ्हाळावर नेलं. रस पाजला, काकवी चाटवली, गरम गूळ हातावर ठेवला आणि तू आता ‘अबब’ म्हणशील म्हणून तुझ्या तोंडाकडं बघत उभी राहिले. तू काहिलीकडं बघितलंस, चहूबाजूच्या उसाकडं बघितलंस आणि म्हणालीस, “काकू, मी समुद्र ओलांडून इतक्या लांब आले, आणि माझ्याच घराच्या मागच्या दारी पोचले.”

मग परत येताना तू सांगितलंस. बेटावर जिकडं बघावं तिकडं ऊस. साखर भरपूर, पण जेवण बोटीनं येतं. तांदूळ बोटीनं, कणीक बोटीनं, डाळ बोटीनं. बटाटा तिथल्या मातीत होतो, उसाच्या सरीतसुद्धा लावतात, पण त्याचं बेणंही बाहेरून आणायचं. “वादळ आलं की बोट बंदराबाहेर थांबायची,” तू म्हणालीस. “वादळ गेल्यावर आम्ही मुलं किनाऱ्यावर जायचो. बोट दिसायची. त्यात आमचा तांदूळ असायचा. आजी म्हणायची, बघू नका, बघून भूक वाढते.”

मी तुझ्या मांडीवर थाप मारून म्हटलं, “असू दे गं, आमच्यात तसं न्हाई. आमच्या शेतात समदं पिकतंय.”

तू तुझ्या त्या मऊ आवाजात उलटतपासणी सुरू केलीस. “आज सकाळी भाकरी खाल्ली, ती ज्वारी कुठली?”

“सोलापूरची.”

“डाळ?”

“लातूरची आसंल.”

“तेल?”

“दुकानातलं.”

“मग तुमच्या शेतात काय आहे?”

“ऊस की!”

“म्हणजे तुमचंही बेटच आहे, काकू.”

“बेट कसलं? समुद्र कुठाय?”

तू चारी बाजूंच्या उसाकडं नुसता हात केलास. मी म्हटलं, “आमच्या समुद्रातनं बैलगाडी जाती, तुझ्यातनं जात न्हाई,” आणि जिंकल्यासारखी हसले. त्यावेळची ती बाई मला आता भेटली तर मी तिला विचारीन, हसतीस काय गं भवाने, आधी उत्तर दे.

तो वाद आपण पुढं पंधरा वर्षं फोनवर भांडलो. तो तसाच राहिला.

तुझं खरं जमलं ते आत्तीशी. तू कॉलेजातून आलीस की घरामागच्या परड्यात, जिथं ती हे बी लावायची, तिच्याजवळ जाऊन बसायचीस. ती शेंगा निवडायची, पहिल्या तोडीच्या बियाला ठेवायची, शेवटच्या तोडीच्या खाऊ घालायची. तुझा हात चुकला की ती हातावर फटका द्यायची, “आगं, किडकी ठेवतीस व्हय बी म्हणून!” आणि तू “क्षमा करा” म्हणायचीस. तिला ती क्षमा इतकी आवडायची की तू चुकलेली नसतानाही ती फटका द्यायची. तू त्या गाडग्यांकडं अशी बघायचीस, जशी लहान पोर दुसऱ्याच्या ताटाकडं बघते. तू मागितलं नाहीस. मागायचं नसतं, हे तुझ्या नोकरीनं तुला शिकवलेलं. म्हणून मी ओटीचं कारस्थान केलं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुला वाटत राहिलं की काकूला खोड्या करायची सवय आहे. सवय आहेच, पण ती खोडी नव्हती, सुमे.

रुसवा संपला तो दिवाळीच्या फोनवर. मी म्हटलं, “एवढं काय आभाळ कोसळणार हुतं चार दाण्यांनी?”

“पावट्यात भुंगा असतो, काकू.”

“आमच्याबी पावट्यात हाय. आम्ही मेलो का?”

“तुमचा पावटा गेला तर तुम्ही गडहिंग्लजहून आणाल. तिथला गेला तर बेळगावहून. आमच्या शेजारी पाणी आहे. बेटाला दार एकच असतं. त्या दारात मीच बसले आहे, मी कशी आत सोडू?” मग तू म्हणालीस, “आणि पावटा आमच्याकडे आहे. आम्ही त्याला आंताक म्हणतो.”

“मग आधी का न्हाई सांगितलंस?”

“ओटीत काय आहे हे तुम्ही आधी सांगितलं असतंत, तर मीही सांगितलं असतं.”

आत्ती पलीकडं बसून ऐकत होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “आणला आसंल हिच्या पणजीनं,” ती म्हणाली. “तवा दारात कोण बसलं न्हवतं.”

आत्ती गेली. त्यानंतर मी काय केलं, हे तुला कळलं तेव्हा तू गप्प झालीस, आणि तुझं गप्प होणं मला शिवीपेक्षा लागलं. मी परड्यात फरशी घातली. मोटारसायकल लावायला, लग्नकार्यात मांडव घालायला बरं पडतं म्हणून. गाडगी माळ्यावर गेली, रिकामी. बी पेरलं नाही की आपोआप संपतं, त्यासाठी भुंगा लागायची गरज नाही. तुझ्या पदरात चोरून बी बांधणारी मी, घरातलं बी माझ्याच हातानं मेलं.

आणि तू त्याच सुमाराला उलटं करत होतीस. तुझ्या बेटावर कापडाच्या गिरण्या बंद पडल्या. आमच्या इचलकरंजीत माग बंद पडले की बायका जशा दारात बसून एकमेकींची डोकी विंचरत दिवस काढतात, तशा तुझ्या गावच्या बायका बसलेल्या. तू नोकरी सोडलीस आणि त्यांना हाताशी घेऊन साखर कंपनीकडून तिच्या जमिनीचा एक टाकाऊ तुकडा खंडानं मागून घेतलास. दगडच दगड. फोनवर तू म्हणायचीस, “काकू, आज आम्ही फक्त दगड उचलले.” पुढच्या वेळी, “आजही दगडच.” मी म्हणायचे, “दगडाची भाजी कशी लागती गं?” मग एकदा तुझा फोन आला आणि तू नुसती हसत होतीस. वांगी आली होती. गावच्या शाळेतल्या पोरांच्या ताटात त्या दिवशी पहिल्यांदा गावची भाजी पडली होती. तुला त्या तुकड्यातून बेटाचं पोट भरायचं नव्हतं, तेवढी वेडी तू नव्हतीस. बोट उशिरा आली तर चार दिवस निभावतील एवढंच तुला पाहिजे होतं. “चार दिवस, काकू. वादळ तेवढंच टिकतं.”

दोन हजार पाच साली इकडं पंचगंगा पसरली. रस्ते बंद. दूध नाही, भाजी नाही, दुकानात नुसत्या फळ्या. घराच्या गच्चीवरून बघितलं तर उसाचे शेंडे आणि पाणी, पाणी आणि उसाचे शेंडे. माझ्या तोंडात तुझं नाव आलं, शिवीसकट. फोन लागायला लागले तसा पहिला तुझाच आला. आता ही म्हणणार, बघा, मी सांगितलं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

तू विचारलंस, “काकू, मीठ आहे का घरात? काडेपेटी कोरडी आहे?”

माझं उत्तर तसंच राहिलं. त्या दिवशी मी रडले, हे तुला ओळखू आलं होतं का? मी सर्दी झाली म्हणून सांगितलं होतं.

तेव्हाच मी ठरवलं, तुझ्याकडं यायचंच. पासपोर्ट काढला. फोटोत मी अशी दिसते की कळंब्याच्या तुरुंगातून कालच सुटलेय. त्या फोटोचं सांगितल्यावर तू म्हणालीस, “तरी मी तुम्हाला दारातून आत घेईन, पिशव्या मात्र तपासीन.” आधी गुडघे दुखले, मग धाकट्या सुनेचं बाळंतपण, मग ऊसतोड लांबली. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. पासपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीत आहे. त्यावर एकही शिक्का नाही. तुझे दगड मी बघितले नाहीत. तुझी वांगी खाल्ली नाहीत.

आता ह्या वर्षाचं. ते बोलायला मला जड जातंय.

तांदळाचे भाव जगभर भडकले. आमच्या सरकारनं तांदूळ बाहेर पाठवायला बंदी घातली. तुझा फोन आला तेव्हा मी नेमकी दुकानातून आलेले. तू म्हणालीस, “काकू, तुमच्या देशानं दार लावून घेतलं. आम्हाला थोडा देतील असं म्हणतात, पण कधी आणि किती, ते दुसरेच ठरवणार.” आणि मी, तुझी काकू, काय म्हणाले? “बरं झालं की! आमचा भाव तरी उतरंल.”

तू “हो, तेही खरं आहे,” म्हणालीस. मग अंजलीचं सांगितलंस. ती समुद्रावरच्या मोठ्या हॉटेलात नोकरी करते, तिथं पाहुण्यांची कोशिंबीरसुद्धा विमानातून येते, आणि ती तुझ्या वाफ्यावर कधी येत नाही, म्हणते, आई, तुझ्या साडीला मातीचा वास येतो. तू हसत सांगितलंस. ते आपलं शेवटचं बोलणं असेल असं कुणाला ठाऊक! ठाऊक असतं तर मी तरी असलं काही बोलले असते का? बोलले असते बहुतेक. माझ्या जिभेचा काय भरवसा.

फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. मी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घेतला, पिशवीत शिवला आणि पोस्टात गेले. खिडकीतल्या पोरग्याला म्हटलं, “हे मॉरिशसला जायला पाहिजे.”

“काय हाय आत?”

“तांदूळ.”

“न्हाई जायचं, आजी. बंदी हाय.”

“व्यापाऱ्याला बंदी आसंल. मी काय व्यापारी हाय?”

त्यानं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. “खाणारी माणसं किती हाईत तिथं?”

“एक बेट हाय.”

“मग पिशवी बारकी हाय, आजी,” तो म्हणाला. त्यानं चेष्टा केली नव्हती. मी पिशवी काखेत मारून घरी आले. बाहेर पडताना लक्षात आलं, ती तिथवर पोचली असती तरी तुझ्या खात्याच्या माणसांनी दारातच अडवली असती, आणि त्यांना तसं करायला शिकवलं कुणी, तर तू. एवढ्या वर्षांत मी काहीच शिकले नव्हते. घरी त्याचा भात केला. वास घरभर सुटला. मी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

मला तुला सांगायचं होतं की मी जे बोलले, ते तांदळाचा भाव बोलला, मी नाही. पण तेही खोटंच. मीच बोलले. पोट भरलेलं होतं, म्हणून बोलले. तुला पुन्हा फोन करून हे सांगायला मला तोंड झालं नाही, आणि आता फोन आहे, तोंड आहे, तू नाहीस.

काल अंजलीचा पुन्हा फोन आला. कंपनीचा माणूस घरी येऊन गेला म्हणे. खंडाचा करार तुझ्या एकटीच्या नावावर होता. महिनाअखेरपर्यंत तिनं तो स्वतःच्या नावावर करून घेतला तर बायकांचं चालू राहील, नाहीतर जमीन कंपनीकडं परत. तिथं बंगले बांधायचं त्यांच्या मनात आहे, समुद्र दिसणारे. बायका रोज तिच्या दारात येऊन बसतात. काही मागत नाहीत, नुसत्या बसतात. तिला हॉटेलची नोकरी आहे, मातीतलं काही येत नाही, आणि आई जाऊन अजून पुरते दिवसही झाले नाहीत.

मी लगेच सुरू झाले. “सोडू नकोस, पोरी! आईनं दगड उचलून केलेलं रान हाय ते. करार आपल्या नावावर घे. बायकांस्नी धर हाताशी. नोकरी गेली तर गेली—” असं बरंच. बोलता बोलता माझी नजर मागच्या दारातून परड्यात गेली. फरशीवर नातवाची मोटारसायकल उभी होती. मी मध्येच थांबले. मी कुणाला सांगतेय, जमीन सोडू नकोस म्हणून? माझ्या परड्यात मी काय केलं? आणि इथं भरल्या पोटी बसून मी त्या पोरीसाठी काय करणार आहे, पोस्टातून पिशवी पाठवणार?

सुमे, मला काही सुचेना. तुझ्या बेटासाठी नाही, तुझ्या लेकीसाठी नाही. मी एवढंच विचारलं, “पोरी, मग तू काय करणार?”

मग तुझ्यासारख्याच पुस्तकातल्या मराठीत, पण तुझ्यापेक्षा अडखळत, ती म्हणाली:

“जमीन राहील की जाईल, मला माहीत नाही, आजी. कंपनीला काय सांगायचं, तेही मी ठरवलेलं नाही. पण भेंडी तयार झाली आहे. बायका म्हणतात, उद्या तोडली नाही तर जून होईल, मग शाळेत कुणी खाणार नाही. म्हणून मी उद्या सुट्टी घेतली आहे. आईचा वाफ्यातली भाजी कापायचा चाकू मात्र घरात कुठेच सापडत नाही. तो ती कुठे ठेवायची, तुम्हाला कधी बोलली होती का?”